दुधाचा खाडा लक्षात राहतो, पाळीचा नाही?

तारीख सांग.

"गणपतीच्या आसपास" ही तारीख नाही. गणपती दहा दिवस असतात. बसले त्या दिवशी, गौरी जेवल्या त्या दिवशी, की विसर्जनाला? आठवत नाही. तुळशीचं लग्न लागून आठवडा झाला आणि शेवटची पाळी कधी आली, हे तुला आठवत नाही. आणि दोन तास माझ्यासमोर बसून बोललीस कशावर? नव्या फ्लॅटचा हप्ता, जावेच्या मुलीचं बारसं, ऑफिसातला तो नवा साहेब. दुसरा चहा संपला, पर्स खांद्याला लावलीस, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकलास आणि मग म्हणालीस, "बाई, एक विचारायचं होतं. म्हणजे, तसं काही नाही."

तसं काही नाही तर विचारतेस कशाला? आणि काही असेल तर दोन तास काय करत होतीस?

बस खाली. पर्स ठेव बाजूला.

मागच्या महिन्यात तुझ्या घरी आले होते. फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलंय. बघायचं म्हणून नाही बघितलं, डोळ्यासमोरच होतं. चौकोनाचौकोनांत तुझं ते बारीक, गोल अक्षर. 'दूध नाही.' 'अर्धा लिटर जास्त.' 'सिलिंडर लावला.' 'मावशी नाही', महिन्यात तीनदा. दूधवाल्याचा खाडा, भांडीवालीचा खाडा, इस्त्रीवाल्याचे कपडे, सगळ्यांचा हिशेब चोख. अख्ख्या पानावर एक टिंब नव्हतं तुझ्या स्वतःच्या नावाचं. शाळेत काय सांगितलं होतं मी? पहिल्या दिवशी एक टिंब. लाल पेन नको, शब्द नको, कोणाला कळायला नको. फक्त टिंब. एवढंही जमत नाही?

आणि तुला माहीत नाही, असं तर मला सांगूच नकोस. दहावीला प्रजननाचा धडा आला की शेजारच्या तुकडीत "हा घरी वाचा" म्हणून पानं उलटली जायची. माझ्या वर्गात उलटली नाहीत. फळ्यावर येऊन सगळं चक्र तू काढलंस. अंडाशयातून बीज कधी बाहेर पडतं, पिशवीचं अस्तर कधी जाड होतं, गर्भ राहिला नाही तर ते का गळून पडतं, घडाघडा बोललीस. मागच्या बाकावरच्या हसत होत्या, तू हसली नाहीस. म्हणून राग येतो. अडाणी असतीस तर जवळ बसवून समजावलं असतं. कळतं, पण वळत नाही, त्याला काय करायचं?

"बाई, माझं आधीपासून असंच आहे."

आधीपासून म्हणजे कधीपासून? नववी-दहावीत असं होतं, ते मलाही ठाऊक आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती पुढंमागं होते. शरीर बसतं आहे तोवर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तू आता तीस वर्षांची आहेस. या वयात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवस जावेत. रक्त दोन ते सात दिवस जावं. २८ हा आकडा काही देवानं कपाळावर लिहिलेला नाही, चार दिवस इकडेतिकडे झाले तर ओरडत सुटायचं कारण नाही. पण कधी ४०, कधी ६०, मध्ये एकदा तीन महिने काहीच नाही, याला "माझं असंच आहे" म्हणतात? गच्ची दहा वर्षं गळते म्हणून ती चांगली ठरते का? नेहमी वेळेवर येणारी पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरकडे जायचं. आणि जिची कधी धड येतच नाही, तिनं तर त्याच्याही आधी. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, असं म्हण माझ्या तोंडावर.

"टेन्शन होतं. प्रोजेक्ट होता."

असेल. ताणानं पाळी लांबते, खरं आहे. रात्रीचं जेवण सोडून दोन महिन्यांत आठ किलो उतरवलेस, त्यानंही लांबते. पण ताणानंच लांबली, हे ठरवलं कोणी? तू. कशावरून? थायरॉइड तपासलंस? प्रोलॅक्टिन तपासलंस? दिवस गेले नाहीत ना, याची तरी खात्री केलीस?

"केली. घरी टेस्ट केली. निगेटिव्ह आली."

कधी केलीस? पुन्हा तारीख नाही. म्हणजे पाळी चुकून किती दिवस झाले होते, तेही माहीत नाही. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, दिवसभर बाटलीभर पाणी प्यायल्यावर. एकच रेघ दिसली म्हणून पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकलीस आणि सुटकेचा श्वास सोडलास. झालं?

नीट ऐक. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजल्यावर एचसीजी नावाचं संप्रेरक तयार व्हायला लागतं. ती पट्टी लघवीत तेच शोधते. रुजायच्या आधी शोधलं तर सापडणार कुठून? म्हणून पाळी चुकल्यावर करायची, सकाळच्या पहिल्या लघवीची करायची. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा करायची. आणि जिच्या पाळीचा भरवसाच नाही, तिला 'चुकली' कधी म्हणायचं हेच कळत नाही. तिनं शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवड्यांनी करायची. पाकिटावर दिलेल्या वेळात दुसरी रेघ पुसटशी जरी दिसली, तरी ती रेघच आहे. उजेडाकडे धरून तिच्याशी हुज्जत घालत बसायचं नाही.

आणि समजा, खरंच निगेटिव्ह आहे. मग? प्रश्न सुटला? त्या पट्टीनं एवढंच सांगितलं की दिवस गेलेले नाहीत. मग पाळी कुठे आहे? हा प्रश्न तिथेच बसलाय. तू मात्र उत्तर मिळाल्यासारखी निघून गेलीस.

हनुवटीवर राठ केस येतात, मानेच्या मागं काळं पडलंय, या वयात पुरळ जात नाही. मला दिसत नाही असं वाटतं तुला? त्वचेच्या डॉक्टरकडे सहा महिने जातेस. त्यांनी विचारलं, पाळी नियमित आहे का? तू काय म्हणालीस? "हो." ताकाला जाऊन भांडं लपवायचं, याला दुसरा शब्द नाही. त्यांनी पुरळासाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी दिली असती आणि त्यात दिवस गेलेले असते तर? ती गोळी गर्भात गंभीर व्यंग आणू शकते. म्हणूनच तर विचारतात पाळीचं, चांभारचौकशी म्हणून नव्हे. तुझ्या एका 'हो'नं कोणाचं काय झालं असतं?

पीसीओएस असेल, नसेलही, ते मी नाही ठरवणार आणि तूही मोबाइलवर वाचून ठरवू नकोस. "आजकाल सगळ्यांनाच असतं" हे तर बोलूच नकोस. आजकालचं नाही ते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली त्याच्यावर लिहून ठेवलंय. आणि सगळ्यांना असतं म्हणून त्याकडे बघायचं नाही, हा कुठला न्याय? बीज बाहेर पडत नाही, म्हणून पाळी येत नाही. पाळी येत नाही, म्हणून पिशवीचं अस्तर साचत राहतं. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं साचत राहिलं तर त्याचा कर्करोगही होऊ शकतो. इन्शुलिनचं काम बिघडतं, पुढं मधुमेह दारात उभा. आणि तू म्हणतेस, "पाळी आली नाही तर बरंच की, कटकट नाही." कोणाची कटकट वाचली?

आता मूल हवं की नको, हा तुझा आणि नवऱ्याचा प्रश्न. मी त्यात बोलणार नाही. सासूबाईंनीही बोलू नये. पण दोन्हीकडून तारीख लागते, हे तुझ्या डोक्यात का शिरत नाही?

हवं असेल तर ऐक. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया ज्या नळीतून होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते. म्हणजे २८ दिवसांची पाळी असलेलीची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी त्याच्या आधीपासून सुरू असायला हवी. "पाळी काय, येईल तेव्हा येईल" म्हणणारीला दिवस गेल्याचं कळेपर्यंत ते काम उरकलेलं असतं, बरं झालेलं असो की वाईट. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

नको असेल तरी ऐक. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवडे असतील तर ठरावीक कारणांसाठी, आणि दोन डॉक्टरांचं मत लागतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तुझ्या मामेबहिणीलाही सांग, लग्न झालेलं नाही म्हणून रात्र रात्र रडत होती ना. अविवाहितेलाही हाच हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट सांगितलंय. पण हे सगळं आठवड्यांत मोजलं जातं, आणि आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ती तारीख तुझ्याकडे नाही!

आणि तो विचार डोक्यातून काढ. हो, तोच. "ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या तर?" सोनोग्राफी न करता गर्भपाताच्या गोळ्या घ्यायच्या? गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला असेल, तर त्या गोळ्यांनी तो जात नाही. नळी फुटते. पोटात आतल्या आत रक्त साचतं. बाहेर थोडं रक्त गेलं की बाई समजते, झालं काम. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येणं, यातलं काही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती गोळी वेगळी. तिनं राहिलेला गर्भ पडत नाही आणि ती दर महिन्याची सोय नाही. ती घेतल्यावर पाळी आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर तपासणी करायचीच. पपई, तीळ-गूळ, ओव्याचा काढा हे शेजारणीचं शास्त्र शेजारणीकडेच राहू दे.

"लाज वाटते. दवाखान्यातल्या बाकावर कोणी ओळखीचं भेटलं तर?"

कोण भेटेल? तीही तिथेच बसलेली असेल ना? मग ती कशाला आली असेल, भजनाला? अगं, रघुनाथ धोंडो कर्वे नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. प्राध्यापकी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं हे शब्द छापून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आणि तू माझ्या घरात, दार लावलेलं असताना, 'पाळी' म्हणताना आवाज खाली करतेस.

"वेळ मिळत नाही" असं म्हणणार होतीस ना? गिळलंस ते बरं केलंस. बीडच्या ऊसतोड बायकांचं वाचलं होतंस. तूच मला तो लेख पाठवला होतास, रडणाऱ्या चेहऱ्यासकट. एक दिवस कामावर नाही गेलं तर त्यालाही खाडाच म्हणतात तिथं, आणि त्या खाड्याचा दंड कापला जातो. पाळी नको, पांढरं जाणं नको, खाडा नको, म्हणून बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येकींची चाळिशीही झालेली नव्हती. त्यांना एक दिवस परवडत नव्हता. तुला काय परवडत नाही? रजा आहे, विमा आहे, कोपऱ्यावर दवाखाना आहे. जिच्याकडे काहीच नाही तिच्यासाठी रडायचं आणि आपल्याकडे सगळं असून दुखणं अंगावर काढायचं, हे कसलं रडणं?

आणि घरात तू एकटीच नाहीस. तुझी आई सत्तेचाळीस वर्षांची. बारा-बारा दिवस जातंय म्हणालीस, आणि वर तिचं वाक्य, "जायची वेळ आली, व्हायचंच." जाताना पाळी पुढंमागं होते, पण इतकं जाणं, मधेच जाणं, संबंधानंतर रक्त येणं हे "व्हायचंच" नव्हे. बारा महिने पाळी आली नाही की मग ती गेली असं म्हणायचं, आणि त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी तपासणी. तोवर दिवसही जाऊ शकतात, हेही तिला सांग. धाकटी बहीण सतरा वर्षांची. पूजा आली की मेडिकलमधून पाळी ढकलायच्या गोळ्या, लग्न आलं की पुन्हा. कोणाला विचारून? ती चिठ्ठीशिवाय खायची गोळी नाही. ती गर्भनिरोधक नाही. वर्षातून तीनदा सण म्हणून गिळायचा तो प्रसादही नाही.

मी आवाज चढवते, तुला वाईट वाटतं. वाटू दे. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर मराठीच्या बाई बसायच्या. फिकट रंगाच्या सुती साड्या नेसणाऱ्या. एका वर्षी त्यांनी फिकट साड्या सोडल्या. चॉकलेटी, काळपट जांभळी, गडद निळी. खुर्चीवर पेपर घालून बसायच्या. तासातासाला उठायच्या. ऑगस्टच्या एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत उभ्या उभ्या कोसळल्या. हिमोग्लोबिन पाच. पिशवीत गाठ. तासाला एक पॅड भिजत होतं, महिनोन्महिने, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. वाचल्या त्या. पण मी विज्ञान शिकवणारी, हातभर अंतरावर बसून सहा महिने त्यांच्या साड्यांचे रंग बदलताना बघत होते आणि एकदाही विचारलं नाही. तेव्हापासून मी विचारते. प्रत्येकीला विचारते. तारखेसकट विचारते.

दवाखान्यात गेल्यावर काय होतं, तेही सांगते, म्हणजे ती पळवाटही बंद. वजन, रक्तदाब. लघवीची तपासणी. रक्तातलं थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन. लागली तर सोनोग्राफी. आतली तपासणी करायची झाली तर आधी तुला विचारतील, नको वाटलं तर नको म्हण, शेजारी नर्सला उभं राहायला सांग. काहीही खाणार नाहीत तुला. पण सगळ्यांत आधी, बसायच्याही आधी, एकच प्रश्न विचारतील. तोच, जो मी मघापासून विचारतेय.

मोबाइल काढ. तो फोटोंचा ढीग आहे ना, उघड. गणपती. आरास, मोदक, नवऱ्याचा नवा कुर्ता. पुढं जा. गौरी. दोन्ही जावा आहेत, सासूबाई आहेत, नणंद आहे, शेजारची आहे. तू कुठे आहेस? एकाही फोटोत नाहीस. नैवेद्याच्या ताटाला हात लावू नको म्हणून तुला आतल्या खोलीत बसवलं होतं, हे तूच सांगितलं होतंस मला फोनवर, चिडून. कधीपासून? त्याच सकाळपासून ना?

म्हणजे सासूबाईंना तुझी तारीख ठाऊक होती. नैवेद्यापुरती का होईना.

गौरीपूजनापासून आजपर्यंत मोज. बोटांवर नको, ते कॅलेंडर घे. ७० दिवस. म्हणजे १० आठवडे पूर्ण. लिही त्या चौकोनात. टिंब नको आता, शब्दात लिही. पेन चालत नसेल तर ते टेबलावरचं घे.

साडेपाचला डॉक्टर बसतात. चप्पल घाल, मी कुलूप लावते.